अशक्ताचा आचारधर्म

विषयप्रवेश

आचारप्रकरणाचे निरूपण चालू असता श्रोतृसमुदायातून एक प्रश्न वारंवार पुढे येतो. विचारणारा बहुधा मागच्या बाजूस, भिंतीला टेकून बसलेला असतो. अटन, विजन, भिक्षा आणि नामस्मरण हा भिक्षूचा आचार. प्रातःस्मरण, विशेषवंदन, पूजावसर, गीतापाठ आणि साधुसेवा हा वासनिकाचा आचार. निरोगी माणसाने हा आचार चुकविला तर त्यास प्रमाद म्हणता येईल. परंतु ज्याला वर्षानुवर्षे न सोडणारी व्याधी जडली आहे, जो रात्रभर झोपूनही पहाटे थकलेलाच उठतो, पूजेचे तबक उचलताना ज्याचे हात कापतात, त्याच्या न घडलेल्या आचाराला काय म्हणावे? तो आळस समजावा, की अधर्म समजावा?

हा प्रश्न केवळ वादाचा नाही. त्याच्या उत्तरावर एका जिवाची शांती अवलंबून असते. उत्तर चुकले तर आधीच व्याधीने वाकलेल्या माणसावर अपराधाचे ओझे पडते, आणि तो हळूहळू धर्मापासूनच दूर जातो. ‘आपल्याकडून काही होत नाही, मग देवाला तोंड कसे दाखवावे’ असे म्हणून सत्संगाला येणे थांबविलेली माणसे गावोगाव आढळतात. व्याधीने त्यांचे शरीर नेले, आणि चुकीच्या समजुतीने त्यांचा आधारही नेला. म्हणून या विषयाचा विचार शास्त्रदृष्टीने आणि सावकाशीने करणे अगत्याचे आहे.

ग्लानी म्हणजे काय

दीर्घ व्याधीत दोन दुःखे असतात. एक वेदना आणि दुसरी ग्लानी. वेदना लोकांना कळते. सूज दिसते, ताप हाताला लागतो, कण्हणे कानी पडते. घरातील माणसे धावून येतात. ग्लानी मात्र कोणास दिसत नाही. अंगातील बळ ओसरले हे ज्याचे त्यालाच कळते. वेदनेला साक्षीदार मिळतात. ग्लानी एकट्यानेच सोसावी लागते, आणि वर तिच्यासाठी बोलही ऐकावे लागतात.

विदर्भात, तसेच खानदेशातील सातपुड्याच्या आश्रयाने वसलेल्या गावांत, सिकलसेल नावाची रक्ताची व्याधी आढळते. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार या भागांत तिचे रुग्ण आहेत. ही व्याधी जन्मतः येते आणि बहुतेकांना जन्मभर सोबत करते. वैद्यकशास्त्र तिचे कारण असे सांगते की, रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल व मऊ असतात. या व्याधीत त्यांतील प्राणवायू वाहणारे द्रव्य सदोष असते, त्यामुळे प्राणवायू सोडताच त्या ताठर होऊन विळ्याच्या आकाराच्या बनतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तेथे असह्य कळा उठतात. शिवाय त्या लवकर फुटतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर ही विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. निरोगी स्त्रीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम वा अधिक हिमोग्लोबिन असावे लागते. या रुग्णांत ते बहुधा ६ ते १० च्या दरम्यानच राहते.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. पेशी फुटतात त्या वेगाने नव्या घडविण्यासाठी हाडांतील मगज अहोरात्र राबत असतो. रक्त पातळ पडल्याने तेवढाच प्राणवायू पोचविण्यास हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. कळांमुळे रात्रीची झोप तुटते. म्हणजे जो माणूस दुपारी बाजेवर पडलेला दिसतो, त्याचे शरीर विसावलेले नसतेच. ते आतून श्रमत असते. शेजारचा धडधाकट माणूस कापूस वेचून जेवढा दमतो, तेवढा हा काहीही न करता दमलेला असू शकतो. संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, हृदयरोग, दीर्घकाळचा मधुमेह या व्याधींतही कारणे निराळी असली तरी अनुभव बराचसा असाच असतो. ही ग्लानी झोपेने जात नाही, हेच तिचे मुख्य लक्षण होय.

‘ग्लानी’ हा शब्द श्रीगीतेच्या चौथ्या अध्यायात आला आहे. तेथे श्रीकृष्ण चक्रवर्तींनी तो धर्माच्या संबंधाने योजिला. धर्म क्षीण होतो, त्याचे बळ ओसरते, तेव्हा परमेश्वर अवतार स्वीकारतात, असा तेथील आशय आहे. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. धर्माला ग्लानी आली म्हणून परमेश्वराने धर्माला दूषण दिले नाही. ते स्वतः त्याच्या साहाय्यास आले. ग्लानी पाहून जवळ येणे हा ज्यांचा स्वभाव, त्यांच्यासमोर ग्लान झालेल्या जिवाने लज्जित होण्याचे कारण उरत नाही.

पूर्वपक्ष

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, हे निरूपण फार सवलतीचे झाले. अठराव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात, शरीरास क्लेश होतील या भयाने जो कर्म टाकतो त्याचा त्याग राजस ठरविला आहे आणि त्यास त्यागाचे फळ मिळत नाही असे सांगितले आहे. त्याच अध्यायाच्या एकोणचाळिसाव्या श्लोकात निद्रा, आळस व प्रमाद यांपासून होणाऱ्या सुखास तामस म्हटले आहे. मग दमलो म्हणून निजणारा या दोहोंपैकी एकात येणारच. उद्या प्रत्येक जण थकव्याचे निमित्त सांगून आचार सोडील, आणि आचार सुटला तर मार्गच राहणार नाही.

हा आक्षेप गंभीर आहे. तो हसण्यावारी नेता येत नाही. शरीराचे लाड हे साधकाच्या वाटेवरील मोठे विघ्न होय, आणि व्याधीच्या पांघरुणाखाली ते सुखाने झोपू शकते. याकरिता समाधान सांगण्यापूर्वी तीन अवस्थांचा विवेक केला पाहिजे.

तीन अवस्थांचा विवेक

पहिली अवस्था आळसाची. येथे शक्ती असते, पण इच्छा नसते. दुसरी अवस्था क्लेशभयाची. येथे शक्तीही असते आणि कर्तव्याची जाणीवही असते. परंतु पुढे होणाऱ्या त्रासाच्या कल्पनेने मन आधीच माघार घेते. तिसरी अवस्था अशक्तीची. येथे इच्छा असते, भय नसते, परंतु साधनच तुटलेले असते. पहिली तामस आणि दुसरी राजस. तिसरी गुणांच्या दोषांत मोजता येत नाही. कारण दोष हा कर्त्याच्या वृत्तीचा असतो, आणि येथे वृत्ती धर्माकडेच वळलेली असते. तेल संपल्याने विझलेला दिवा आणि तेल असता कोणी मालविलेला दिवा, या दोहोंनी घरात अंधार सारखाच पडतो. पण दोहोंचे कारण एक नव्हे.

हा भेद ओळखावा कसा? आळशी माणसासमोर मनाजोगते काम आले की त्याचा आळस जातो. ग्लानी आवडत्या कामातही तशीच राहते. आळसाची झोप झाली की अंग हलके होते. ग्लानीची झोप होऊनही अंग जड राहते. आळशी माणसाला न झालेल्या आचाराचा खेद होत नाही. अशक्त माणूस पूजावसर चुकला म्हणून मनात झुरत असतो. ही तीन लक्षणे साधारणपणे पुरेशी आहेत.

परंतु त्यांच्या उपयोगाला एक मर्यादा आहे. ही कसोटी ज्याची त्याने स्वतःस लावावयाची आहे. दुसऱ्यास लावावयाची नाही. एखादी व्याधिग्रस्त स्त्री भावाच्या लग्नात दिवसभर हसतमुखाने वावरते, आणि पाहणारे म्हणतात, आता हिला काही होत नाही. त्यानंतरचे तीन दिवस ती अंथरुणाला खिळलेली असते, ते पाहावयास वऱ्हाडी उरलेले नसतात. दुसऱ्याच्या थकव्याचे माप बाहेरून घेता येत नाही. आत्मपरीक्षणात जी कसोटी विवेक ठरते, तीच परपरीक्षणात निंदा ठरते.

सिद्धान्त : परमेश्वराने सांगितलेल्या पायऱ्या

आता मूळ शंकेचे समाधान. श्रीगीतेच्या बाराव्या अध्यायात आठव्यापासून अकराव्या श्लोकापर्यंत श्रीकृष्ण चक्रवर्तींनी अर्जुनास उपासनेचा क्रम सांगितला आहे. प्रथम मन व बुद्धी परमेश्वराच्या ठायी स्थिर करण्यास सांगितले. ते जमत नसेल तर अभ्यासाने त्यांच्याकडे येण्यास सांगितले. अभ्यासासही जो समर्थ नसेल त्याने त्यांच्याप्रीत्यर्थ कर्मे करावीत. आणि तेवढेही करण्यास जो अशक्त असेल त्याने सर्व कर्मांच्या फळाचा त्याग करावा. दहाव्या श्लोकात ‘असमर्थ’ आणि अकराव्यात ‘अशक्त’ हे शब्द स्वतः परमेश्वराच्या मुखातून आले आहेत. वाचक हे दोन शब्द बहुधा घाईने ओलांडून जातात. वास्तविक तेथे थांबावयास पाहिजे.

समर्थास जे सांगितले ते असमर्थास सांगितले नाही. त्याच्यासाठी निराळी पायरी दाखविली. असमर्थास हाकलून दिले नाही, ‘आधी समर्थ हो आणि मग ये’ असेही म्हटले नाही. इतकेच नव्हे, तर लगेच पुढील बाराव्या श्लोकात त्या शेवटच्या पायरीचा, म्हणजे कर्मफळत्यागाचा, गौरव करून त्यामागोमाग शांती येते असे सांगितले. जी पायरी लोकांना सर्वांत खालची वाटते, तिच्याच लगत शांती ठेवलेली आहे.

पूर्वपक्षात दिलेला अठराव्या अध्यायाचा निषेध भयाने टाकणाऱ्यासाठी आहे. बाराव्या अध्यायाची अनुज्ञा अशक्तासाठी आहे. अधिकारी भिन्न असल्यामुळे वचनांत विरोध नाही. सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या व सतराव्या श्लोकांत आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती ही सर्व युक्त प्रमाणात असावीत असे सांगितले आहे; आणि सतराव्या अध्यायात शरीरातील भूतसमुदायास व आत वसणाऱ्या परमेश्वरासही पीडा देणाऱ्या घोर तपाचा निषेध केला आहे. युक्त प्रमाण सर्वांस एकच असू शकत नाही. निरोग्याचे युक्त ते रोग्याचे अतिरिक्त होय. म्हणून आपले प्रमाण ओळखून विश्रांती घेणे ही आचारातील सूट नव्हे. रोग्याच्या बाबतीत तो आचाराचाच भाग आहे.

अशक्ताने फळाचा त्याग करावा, म्हणजे नेमके काय करावे? ज्याच्या हातून कर्मच फारसे घडत नाही त्याने टाकावयाचे फळ कोणते? विचार करता असे दिसते की, ‘आज माझा आचार पूर्ण झाला’ हे समाधान हेच साधकाचे सर्वांत गोड फळ असते, आणि ‘फार नेमाचा माणूस’ ही लोकांची स्तुती हे दुसरे. निरोगी साधकास ही दोन्ही फळे न मागता मिळतात, म्हणून ती टाकणे त्यास जड जाते. रोग्याकडून व्याधीने ती आधीच काढून घेतलेली असतात. त्याने केवळ मनाने सोडावयाची राहतात. जे हिरावले गेले ते अर्पण करता येते; आणि अर्पण केले की तेच दुःख साधन बनते.

झोळीचा न्याय

हा विचार रोजच्या दिवसात कसा उतरवावा, यासाठी भिक्षूच्या झोळीकडे पाहावे. भिक्षू भिक्षेला निघतो तेव्हा आज काय मिळेल हे त्यास ठाऊक नसते. कोणी भाकरी घालते, कोणी मूठभर भात घालते, एखादे दार बंदच असते. जे पडेल ते तो निवडानिवड न करता घेतो. काल अधिक मिळाले होते असे म्हणून तो दाराशी भांडत नाही, आणि उद्यासाठी साठाही करीत नाही. त्या दिवसाचे अन्न त्या दिवसापुरते.

व्याधिग्रस्ताची शक्ती अशीच असते. ती त्याच्या मालकीची राहिलेली नाही. ती रोज भिक्षेसारखी पडते, कधी पसाभर, कधी चिमूटभर. सकाळी जाग आल्यावर प्रथम झोळीत काय पडले आहे ते शांतपणे पाहावे. त्यातला पहिला वाटा देवाचा, दुसरा शरीररक्षणाचा, म्हणजे औषध, पाणी व आहाराचा, आणि तिसरा प्रपंचाच्या कामाचा. उरले तर उत्तम. न उरले तर ते त्या दिवसाचे भिक्षान्न होते असे समजावे.

यातील एक धोका विशेष सांगितला पाहिजे. बरे वाटू लागले की रोगी आठ दिवसांची तुंबलेली कामे एका दिवसात उरकू पाहतो. कणगी झाडतो, धुणे काढतो, शेतावर जाऊन येतो, रात्री पोथीही वाचतो. दुसऱ्या दिवशी तो उठू शकत नाही, आणि गेलेले बळ परत यावयास आठवडा लागतो. हा उत्साह बाहेरून सद्गुणासारखा दिसतो. परंतु आत शोधले तर त्यात दोन दोष सापडतात. एक लोभ, कारण आजच्या झोळीत उद्याचेही भरण्याची ती धडपड असते. दुसरा अभिमान, कारण ‘मी अजून पूर्वीचाच आहे’ हे स्वतःस व लोकांस दाखवावयाचे असते. म्हणून बऱ्या दिवशीही काम अर्धे करून थांबावे, आणि दमण्यापूर्वीच बसावे. मोठ्या कामाचे तुकडे करावेत, त्यांमध्ये विसावा ठेवावा. कठीण दिवशी धीर धरण्यापेक्षा चांगल्या दिवशी आवर घालणे हे रोग्याला अधिक कठीण जाणारे तप आहे.

झोळीचा आणखी एक गुण आहे. ती पसरावी लागते. पूर्वाश्रमीचा श्रीमंत असो वा विद्वान, भिक्षू झाल्यावर त्याला परक्याच्या दारी उभे राहावेच लागते, आणि तेथे त्याचा अभिमान गळतो. ‘एवढा पाण्याचा हंडा आणून दे’, ‘आज पूजावसर तू कर’, असे म्हणताना रोग्याच्या जिभेवर जे जडत्व येते ते याच अभिमानाचे होय. जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या गृहिणीस तर साहाय्य मागणे वेदनेहून असह्य वाटते. तिने हे मागणे भिक्षा समजावी. मागणाऱ्याचा अभिमान गळतो आणि देणाऱ्यास सेवा घडते. दोघांचेही हितच होते.

शरीररक्षण आणि अनन्यता

कित्येकांना असे वाटते की, औषध घेणे म्हणजे परमेश्वरावरील विश्वास कमी असणे. हा समज सिद्धान्ताला धरून नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व भिन्न आहेत. शरीर हे प्रपंचाकडील, पंचभूतांचे बनलेले. भुकेला जसे अन्न, तसे व्याधीला औषध. ही प्रपंचाची प्रपंचाशी योजना होय. अनन्यता मोक्षदात्याच्या संबंधाने सांगितली आहे. मोक्षासाठी परमेश्वराखेरीज अन्यत्र जाऊ नये, हा तिचा अर्थ. ती अनन्यता वैद्याच्या दारी जाण्याने भंग पावत नाही. ती भंग पावते बरे होण्यासाठी नाना देवतांना नवस बोलण्याने आणि गंडेदोरे बांधण्याने.

सिकलसेलच्या रुग्णाने पाणी भरपूर प्यावे. कारण या व्याधीत मूत्रपिंडे पाणी राखू शकत नाहीत आणि शरीर लवकर सुकते. निर्जळ उपवास, चैत्र-वैशाखाच्या उन्हातील पायपीट, थंड पाण्याने स्नान, ही त्यास कळांचे निमित्त होऊ शकतात. चैत्री यात्रेची त्याची इच्छा कितीही शुद्ध असली तरी वाहनाने जाण्यात वा घरूनच स्थानाचे स्मरण करण्यात उणेपणा मानू नये. रक्त कमी आहे म्हणून स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. येथे रक्त कमी होण्याचे कारण निराळे असल्याने वैद्यास विचारावे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वैद्याच्या देखरेखीखाली घेतल्यास पुष्कळ रुग्णांच्या कळा कमी होतात. ते मधेच सोडू नये. आणि ताप आला, धाप लागली, छातीत दुखले किंवा नेहमीहून निराळा, एकाएकी थकवा व फिकेपणा आला, तर त्यास रोजची ग्लानी समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मनुष्यदेह हे मोक्षाचे द्वार असल्याने त्याची उपेक्षा हे वैराग्य ठरत नाही.

थकलेल्याचे स्मरण

आता सर्वांत कठीण शंका. शरीर थकले तरी स्मरण मनाचे आहे, ते निजूनही करता येते, असे सहज सांगितले जाते. पण दीर्घ व्याधीत मनही थकते. स्मरणीचे मणी ओढताना गाठी हरवतात, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, नामाच्या मध्येच डोळा लागतो. ज्याचे मनच दमले त्याने काय करावे?

त्याने संख्येचा आग्रह सोडावा. आपल्या मार्गात स्मरणाचे प्रकार अनेक सांगितले आहेत. नामाचे, मूर्तीचे, लीळेचे आणि चेष्टेचे. ज्याला नाम मोजवत नाही त्याने एखादी लहानशी लीळा मनासमोर ठेवावी आणि तीत नुसते बसून राहावे. लीळाचरित्रातील सशाची लीळा यास फार योग्य आहे. शिकारी व त्यांचे कुत्रे मागे लागलेला एक ससा धावून धावून दमला आणि सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला. शिकाऱ्यांनी तो मागितला. शरण आलेल्यास स्वामींनी दिले नाही, आणि शेवटी शिकारीही मागे फिरले. मग स्वामींनी त्या सशास जाऊ दिले.

या लीळेत सशाने काय केले, हे पाहावे. त्याने स्तुती केली नाही, नाम घेतले नाही, त्याच्याजवळ अर्पण करण्यास पानफूल नव्हते. त्याच्यापाशी होती केवळ धाप. तो आला एवढेच त्याचे साधन. स्वामींनीही त्यास प्रथम काही विचारले नाही, विसावा दिला. ज्या साधकाकडून दुसरे काही होत नाही, त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या एवढेच मनात आणावे की, ही धाप त्या मांडीखाली आहे. असे म्हणत असता झोप लागली तर ती झोप वायफळ गेली असे समजू नये.

श्रीगीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले, त्यांत आर्ताचा उल्लेख प्रथम आहे. आणि ज्ञान्याची थोरवी सांगतानाही चौघांसही उदार म्हटले आहे. दुसऱ्या अध्यायात तर असे आश्वासन आहे की, या धर्मात आरंभिलेले वाया जात नाही आणि त्याचा अल्पसा अंशही मोठ्या भयातून तारतो. अल्प हा शब्द अशक्तासाठीच जणू राखून ठेवला आहे. आर्तीने घेतलेले एक नाम हे सवयीने ओढलेल्या शंभर मण्यांपेक्षा उणे नाही.

कर्मफळ आणि वाचेची हिंसा

व्याधी हा कर्माचा भोग आहे आणि कर्माची फळे देवता भोगवितात, हा सिद्धान्त सर्वांस परिचित आहे. पण सिद्धान्त खरा असला तरी तो कोठे उच्चारावा याला विवेक लागतो. कोणत्या जिवाचे कोणते कर्म कोणत्या फळाला आले हे परमेश्वरावाचून कोणी जाणत नाही. जे जाणत नाही ते रोग्याच्या उशाशी बसून सांगणे, ‘काहीतरी केले असेल म्हणून भोगतोस’ असे म्हणणे, ही वाचेने केलेली हिंसा होय. ज्या मार्गात मुंगीही दुखवू नये इतकी अहिंसा सांगितली, त्या मार्गातील माणसाने शब्दाने दुखावणे शोभत नाही. कर्मसिद्धान्त स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखात त्यास दोषी ठरविण्यासाठी नाही.

घरात सून व्याधिग्रस्त निघाली की ‘हिच्यामुळे घरात रोग आला’ असेही बोलले जाते. सिकलसेलच्या बाबतीत हे अज्ञानाचे बोलणे आहे. मुलात ही व्याधी पूर्णपणे उतरते ती आई आणि बाप दोघांकडून सदोष अंश आला तरच. दोघेही केवळ वाहक असतील तर त्यांना स्वतःस बहुधा काहीच त्रास जाणवत नाही, आणि प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून दोष एका स्त्रीच्या माथी मारू नये, आणि विवाह ठरविताना पत्रिकेपूर्वी वधूवरांच्या रक्ताची तपासणी करावी. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून या व्याधीच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, आणि २०४७ पर्यंत तिचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कविषयक कायद्यातही या व्याधीचा समावेश आहे. कायद्याने ज्या अशक्तीस मान्यता दिली तीस घरच्या माणसांनी कामचुकारपणा म्हणावे, हे अनुचित होय.

सेवकांचा निमित्त विधी

नित्य विधीबरोबर निमित्त विधीही आहे. प्रसंग उपस्थित झाला की त्या प्रसंगाचा आचार करावा लागतो. घरात रोगी असणे हा असाच प्रसंग होय. रोग्याची ग्लानी ही निरोग्यांचे निमित्त आहे. पूजावसर त्याच्या अंथरुणाजवळ करावा. आरती त्याच्यापर्यंत न्यावी. वाचक असेल त्याने त्याला एक लीळा वाचून दाखवावी आणि ‘कळले का’ असे विचारू नये. ‘कसे वाटते’ याऐवजी ‘आज कोणते काम मी घेऊ’ असे विचारावे; कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यातही त्याची शक्ती खर्च होते.

ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंना तेथील दीनदुबळे लोक माय आणि बाप या दोन्ही नात्यांनी पाहत असत. दीनांच्या घरी जाऊन त्यांची कामे करण्यात त्यांना उणेपणा वाटला नाही. त्यांची लीळा गाणाऱ्यांनी आपल्याच घरातील दीनाकडे पाठ फिरवू नये. आणि सेवा करणाऱ्यानेही झोळीचा न्याय विसरू नये. वर्षानुवर्षे सेवा करणाराही थकतो. त्यासही विसावा द्यावा, सेवा घरातील सर्वांनी वाटून घ्यावी, आणि त्याचा एखादा कडवट शब्द त्याच्या थकव्याच्या खाती मांडून सोडून द्यावा.

उपसंहार

एवढ्या विवेचनाचे तात्पर्य असे. आळस सोडावा, भय जिंकावे, पण अशक्ती कबूल करावी. जो ती कबूल करीत नाही तो शरीराशी भांडत राहतो, आणि त्या भांडणातच दिवसाची भिक्षा संपून जाते. जो ती कबूल करतो त्याच्यापाशी थोडे उरते, आणि ते थोडे तो परमेश्वरास देऊ शकतो. परमेश्वर देणाऱ्याचा हात पाहतात. झोळी किती भरली होती हेही तेच जाणतात. ज्याच्या झोळीत चिमूटभरच पडले होते, त्याच्याकडून पसाभर त्यांनी कधी मागितले नाही.

मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसणाऱ्याने म्हणून आपली जागा सोडू नये. बसवले तर बसावे, न बसवले तर आडवे व्हावे, येववले नाही तर घरूनच स्मरावे. परंतु ‘मी या मार्गाचा राहिलो नाही’ असे मनात येऊ देऊ नये. दमलेल्या जिवांना विसावा देणाऱ्या सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या श्रीचरणी सर्व व्याधिग्रस्तांची आर्ती पोहोचो.

दंडवत प्रणाम.